दोषाचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

जुनी वस्तू विकणाऱ्याने तिच्यातील आपल्याला ठाऊक असलेला दोष न विचारता सांगावा काय, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा वाटतो. घरातील मुलांना विचारला तर ती क्षणाचाही विलंब न लावता ‘सांगावा’ असे उत्तर देतील. आणि तीच मुले मोठी होऊन बाजारात उभी राहिली म्हणजे ‘विचारले असते तर सांगितले असते’ असे म्हणू लागतील. पहिल्या उत्तरात सत्य हे आपले कर्तव्य म्हणून येते. दुसऱ्यात ते समोरच्याची मागणी म्हणून येते. कर्तव्याकडून मागणीकडे माणूस कसा सरकतो, आणि असे सरकण्याचा त्याला अधिकार आहे काय, हे पाहावयाचे तर एखादा उदात्त प्रसंग निवडण्यापेक्षा रोजच्या व्यवहारातील प्रसंग निवडणे बरे. उदात्त प्रसंगी आपण सगळेच थोडेफार हरिश्चंद्र होतो. घासाघीस चालू असताना तसे राहणे कठीण.

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात हल्ली वारंवार घडणारा एक प्रसंग मी येथे घेतो. लहान शेतकऱ्याने दुसरा, पहिल्याहून लहान, आणि तोही जुना ट्रॅक्टर विकत घेणे, हा तो प्रसंग होय.

पाच-सहा एकरांचे शेत धरू. निम्म्यात ऊस, सखल भागात भात, विहिरीच्या कडेला थोडा भाजीपाला. घरी पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आधीपासून आहे. नांगरट, रोटाव्हेटर, कारखान्याकडे जाणारी उसाची ट्रॉली ही कामे तो बिनतक्रार करतो. परंतु ऊस गुडघ्याएवढा झाला, की त्या ट्रॅक्टरला शेतात काम उरत नाही. चार-पाच फुटांच्या सरीतून जावयाचे, दोन्ही बाजूंचा कोंब न मोडता तण काढावयाचे, मातीची भर लावावयाची, तर यंत्र फार तर साडेतीन फूट रुंद हवे. हे काम पूर्वी बैल करीत आणि उरलेले खुरप्याने होई. आता वर्षातील मोजक्या दिवसांसाठी बैलजोडी बारा महिने पोसणे परवडत नाही, आणि खुरपणीला माणसे मिळत नाहीत. मोठा ट्रॅक्टर लहान कामाला लावावा तर डिझेल जाते, बांधाच्या कोपऱ्यात तो वळत नाही, आणि त्याचे जवळजवळ दोन टनांचे वजन ओल्या जमिनीला दाबून टाकते. म्हणून पंधरा ते चोवीस अश्वशक्तीचा, वजनाने त्याच्या निम्म्याहूनही कमी असा लहान ट्रॅक्टर घ्यावा, असा विचार घरात सुरू होतो.

या विचाराला पहिला अडथळा मनाचा असतो. गावात दुसरा ट्रॅक्टर आला म्हणजे तो पहिल्याहून मोठा असावा, अशी पाहणाऱ्यांची अपेक्षा असते. आणि पाहणाऱ्यांची अपेक्षा पुष्कळदा आपणच आपली इच्छा म्हणून स्वीकारतो. लहान यंत्र निवडणाऱ्याने या मोहावर मात केलेली असते. शेताला काय हवे आणि मिरवणुकीला काय हवे, यातील भेद त्याने स्वतःशी मान्य केलेला असतो. नवा घ्यावा की जुना, हा पुढचा प्रश्न. ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आल्यामुळे नव्या यंत्राची किंमत काहीशी उतरली हे खरे. तथापि ज्याला ते वर्षातून दोन-तीनशे तासच चालवावयाचे आहे, आणि ज्याच्या डोक्यावर पहिल्या ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते अद्याप आहेत, त्याने जुन्याकडे वळणे हे शहाणपणाचेच म्हटले पाहिजे.

येथवर सर्व निर्णय त्याच्या हातात होते. जुन्याकडे वळताच मात्र निर्णयाचा एक मोठा भाग दुसऱ्याच्या जिभेवर जाऊन बसतो.

नव्या वस्तूविषयीचा अविश्वास आणि जुन्या वस्तूविषयीचा अविश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या आणि बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर खपता खपेनात, असे सांगतात. तो अविश्वास अज्ञानाचा होता. परंतु त्या अज्ञानात लपवाछपवी नव्हती. नांगर चालला, पीक आले, आणि शंका आपोआप विरली. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तसे नाही. येथे ज्ञान अस्तित्वात आहे. मात्र ते एकाच बाजूला आहे. विकणाऱ्याने ते यंत्र पाच पावसाळे चालविले आहे. कोणत्या गिअरमध्ये चढावर ते दगा देते, थंडीत कितव्या प्रयत्नाला सुरू होते, भरलेले अवजार उचलून धरले तर लिफ्ट किती वेळात खाली बसू लागते, हे त्याला आपल्या हाताच्या रेषांइतके पाठ आहे. विकत घेणाऱ्याला तासाभरात जेवढे दिसेल तेवढेच दिसते.

या तासाभरात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे नीट पाहिले पाहिजे; कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. टायरच्या भेगा दिसतात, पत्र्याचा गंज दिसतो, गळणारे ऑइल जमिनीवर डाग पाडते. इंजिन थंड असताना सुरू करून पाहिले, धुराचा रंग पाहिला, ऑइल भरण्याचे झाकण काढून वाफ किती जोराने बाहेर येते ते पाहिले, म्हणजे इंजिनाच्या प्रकृतीचा अंदाज येतो. क्लच सुटतो की घसरतो, ब्रेक दोन्ही चाकांना सारखा लागतो की नाही, हे शेतात एक फेरी मारली की कळते. परंतु जो ट्रॅक्टर सतत भाताच्या चिखलणीत वापरलेला आहे, त्याच्या पुढच्या अॅक्सलच्या सीलमधून चिखलाचे पाणी आत गेले असेल, तर ते त्या फेरीत कळत नाही. ऑइल नुकतेच बदललेले असते, आवाज येत नाही. दाते झिजत आल्याचे पुढच्या चिखलणीतच उघड होते. एकदा गरम होऊन बंद पडलेले आणि कसेबसे दुरुस्त केलेले इंजिन हिवाळ्यातील सकाळी उत्तम चालते. ते वैशाखात, नांगराला जुंपल्यावर, आपला इतिहास सांगते. तासांचा मीटर मध्येच दोन वर्षे बंद होता की नाही, हे तर तो मीटर कधीच सांगत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमाचा सर्वसाधारण नियम असा, की मालाच्या दर्जाविषयी किंवा एखाद्या कामासाठी त्याच्या योग्यतेविषयी विकणाऱ्याने हमी दिली आहे असे गृहीत धरता येत नाही. याला अपवाद आहेत. परंतु ते मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याविषयीचे आहेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही व्यापारी, उत्पादक आणि सेवा देणारे यांनाच बांधतो. एका शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याला आपला एकुलता एक लहान ट्रॅक्टर विकला, तर ग्राहकाने आपले डोळे उघडे ठेवावेत, हाच नियम उरतो.

डोळ्यांना जे दिसू शकत नाही त्याचे काय? येथे १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम पुढे येते. दोष ठाऊक असताना तो क्रियेने झाकणे ही त्या कलमाप्रमाणे फसवणूक आहे. मीटर मागे फिरविणे, धूर दडविण्यासाठी इंजिनात जाड ऑइल घालणे, तडा गेलेल्या भागावर रंग फासणे, हे सारे त्यात येते. त्याविषयी कायद्याच्या मनात संदेह नाही. परंतु नुसते गप्प बसणे ही फसवणूक नव्हे, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. मात्र परिस्थितीच अशी असेल की बोलणे हे कर्तव्य ठरावे, किंवा मौन हेच बोलण्याच्या बरोबरीचे ठरावे, तर गोष्ट निराळी.

हे समजावून देण्यासाठी कायदा करणाऱ्यांनी एका घोड्याची उदाहरणे दिली आहेत, आणि ती दीडशे वर्षांनंतरही विचारात पाडतात. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. आता घेणारी व्यक्ती त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्यांच्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच झाले.

वकिलाच्या दृष्टीने या उदाहरणांत एक व्यावहारिक शिकवण आहे : प्रश्न विचारा. प्रश्न विचारला, की समोरच्याच्या मौनाला जीभ फुटते. नीतीच्या दृष्टीने मात्र त्यांतून निराळाच प्रश्न उभा राहतो. घोडा तोच, दोष तोच, विकणाराही तोच. मग मुलीला सांगावयाचे आणि परक्याला सांगावयाचे नाही, हा भेद कोठून आला? कायदा त्याचे उत्तर नात्यात शोधतो. नाते जवळचे असेल तर सत्य देणे लागते; दूरचे असेल तर लागत नाही. कायद्याला कोठेतरी रेषा ओढावी लागते आणि त्याने ती येथे ओढली, यात त्याला दोष देता येणार नाही. प्रत्येक मौनाची चौकशी न्यायालये करू लागली तर बाजार बंद पडेल. परंतु कायद्याने जी रेषा आपल्या सोयीसाठी ओढली, तिलाच आपण धर्माची सीमा मानू लागलो तर मोठा घोटाळा होतो. न्यायालय ज्याबद्दल शिक्षा करीत नाही ते सारे निर्दोष, असे मानणारा मनुष्य आपली सदसद्विवेकबुद्धी सरकारजमा करून मोकळा झालेला असतो.

आपल्या स्मृतिकारांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा करण्यासाठी मुदती दिल्या आहेत. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझे वाहणाऱ्या वा ओढणाऱ्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. याच यादीत दासदासींच्याही मुदती आहेत; दोष न लपविण्याविषयी लिहिताना शास्त्रातील हा दोष लपविणे बरे नव्हे. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याण येथे, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राजवटीत. म्हणजे आपल्या या सीमाभागापासून फार दूर नाही. त्या सभेत ट्रॅक्टर आणून उभा केला असता तर त्याला कोणती मुदत द्यावी, असा प्रश्न पंडितांना पडला असता. लोखंड म्हणावे तर एक दिवस पुरे. ओढणारे जनावर म्हणावे तर पाच दिवस हवेत.

हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. मुदती वेगवेगळ्या का, याचा विचार केला तर त्यांच्या मागील तत्त्व दिसते. लोखंड खरे की खोटे हे ठोकून पाहिले की एका दिवसात कळते. बैल ओढताना बसकण मारतो की काय, हे कळावयास चार-पाच दिवस जुंपून पाहावे लागते. बियाणे उगवते की नाही, हे जमिनीत घालून वाट पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणजे दोष स्वतःहून प्रकट होण्यास जेवढा काळ लागतो, तेवढा काळ घेणाऱ्याला मिळाला पाहिजे, हे ते तत्त्व. ट्रॅक्टर बाहेरून लोखंड आहे, वागणुकीने बैल आहे, आणि त्याचे काही दोष बियाण्याप्रमाणे हंगाम लोटल्यावरच उगवतात. आता एवढी मुदत आजच्या व्यवहारात कोणी देणार नाही. पैसे मोजून ट्रॅक्टर नेल्यावर आठ महिन्यांनी तो परत घ्यावा, असे कोणीही म्हणणार नाही. मग जो काळ आपण घेणाऱ्याला देऊ शकत नाही, त्याची भरपाई कशाने करावयाची? माझ्या मते याचे एकच उत्तर संभवते : बोलण्याने. जे एका दिवसात दिसते ते पाहणे हे घेणाऱ्याचे काम. जे हंगाम उलटल्यावरच दिसते ते सांगणे हे विकणाऱ्याचे काम. टायरला भेग आहे हे मी सांगितले नाही तर तो माझा अपराध नव्हे. अॅक्सलमध्ये पाणी जाते हे ठाऊक असून सांगितले नाही, तर आहे.

याज्ञवल्क्याने दुसऱ्या एका ठिकाणी सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी. घेणाऱ्याने परीक्षा करावी हे सांगणारे शास्त्र, घेणाऱ्याने परीक्षा केली नाही म्हणून विकणारा सुटला, असे म्हणत नाही. दोघांची कर्तव्ये शेजारी शेजारी उभी आहेत. एकाने आपले केले नाही म्हणून दुसऱ्याचे संपत नाही.

यावर विकणाऱ्याच्या बाजूने जे सांगितले जाते, तेही न्यायाने ऐकले पाहिजे. पहिला युक्तिवाद किमतीचा. ‘जुन्या वस्तूचा भाव जुना असतो. दोष असणारच हे धरूनच त्याने भाव केला. मग पुन्हा दोष सांगण्याचे कारण काय?’ या युक्तिवादात अर्धे सत्य आहे. जुनेपणाचा भाव झाला, हे खरे. परंतु जुनेपणा म्हणजे सर्वसाधारण झीज. तिचा अंदाज दोघांनाही असतो. विशिष्ट दोषाचा भाव तो दोष ठाऊक असणाऱ्यालाच करता येतो. न सांगितलेल्या दोषाची किंमत घेणारा एकदा सौद्यात देतो आणि दुसऱ्यांदा कारागिराकडे.

दुसरा युक्तिवाद अधिक करुण आहे, म्हणूनच अधिक धोक्याचा. ‘मलाही हा ट्रॅक्टर असाच विकला गेला. मी फसलो, तेव्हा मला कोणी सांगितले?’ हे म्हणणारा मनुष्य पुष्कळदा दुष्ट नसतो. तो स्वतः तोट्यात आलेला, कदाचित घरच्या आजारपणामुळे विकावयास निघालेला असतो. त्याच्या अडचणीविषयी सहानुभूती बाळगूनही म्हणावे लागते, की त्याच्यावर झालेल्या अन्यायाचे येणे त्याला मिळावयाचे तर ते आधीच्या विक्रेत्याकडून. पुढच्या ग्राहकाकडून ते वसूल करण्याचा अधिकार त्याला नाही. कर्ज एकाने घेतले आणि जप्ती दुसऱ्याच्या दारात नेली, असा तो प्रकार होतो. शिवाय ही साखळी जेथे थांबेल तेथे सर्वांत दुबळा मनुष्य उभा असतो. हाती पैसा असलेला सदोष यंत्र पुढे ढकलतो, त्याच्याहून कमी पैशाचा आणखी पुढे ढकलतो. आणि ज्याच्याजवळ दुसरे काहीच घेण्याची ऐपत नसते, त्याच्या शेतात ते यंत्र अखेर बंद पडते. पाच एकरांच्या शेतकऱ्याची सारी शिल्लक त्या दुसऱ्या, लहान ट्रॅक्टरमध्ये गेलेली असते. मोठ्या बागायतदाराला जो दोष एका दुरुस्तीच्या बिलापुरता आहे, तो याला उसाच्या एका हंगामाएवढा पडतो.

तिसरा युक्तिवाद असा, की मर्यादा कोठे? विकणाऱ्याने आपल्या प्रत्येक शंकेचे पारायण करावे काय? नाही. ‘मला ठाऊक आहे’ आणि ‘मला वाटते’ यांत भेद आहे. जे त्याने स्वतः पाहिले, दुरुस्त केले, सोसले, ते त्याने सांगावे. जे केवळ मनात येते ते सांगण्यास तो बांधलेला नाही. ही मर्यादा धूसर नाही. आपल्याला काय ठाऊक आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : दोषाचे हे ज्ञान कोणाच्या मालकीचे? विकणारा असे धरून चालतो, की ट्रॅक्टर विकला तरी त्याच्याविषयीचे ज्ञान आपल्याजवळ ठेवून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. पण ट्रॅक्टर विकताना त्याची बॅटरी रात्रीतून काढून ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो? त्याच्याबरोबर येणारी पिन, हूक, अवजारांची पेटी लपविणाऱ्याला काय म्हणतो? यंत्र चालविण्यास जे आवश्यक ते यंत्राबरोबर जावयाचे, हा साधा संकेत आहे. मग ते कोणत्या चढावर दगा देते, हे ज्ञान त्या पेटीहून कमी आवश्यक कसे? दोषाचे ज्ञान हा यंत्राचाच एक भाग आहे. किंमत घेऊन यंत्र देणाऱ्याने तो भाग मागे ठेवला, तर त्याने पूर्ण वस्तू दिली नाही.

हे तत्त्व एकदा मान्य केले, की ते दोन्ही बाजूंना लागू होते. आणि घेणाऱ्यानेही आपल्याकडे पाहिले पाहिजे. सौदा सुरू झाला म्हणजे नसलेले दोष काढण्याची रीत सर्वत्र आहे. चांगल्या इंजिनाला कान लावून ‘आवाज बरोबर नाही’ म्हणणे, बरोबर आणलेल्या मिस्त्रीला आधीच पढवून ठेवणे, हे असलेला दोष लपविण्याच्याच जातीचे आहे. त्याहून सूक्ष्म प्रसंगही येतात. घरधनी वारलेला आहे, मुलगा नोकरीनिमित्त दूर आहे, आणि त्या घरची माउली शेडमध्ये उभा असलेला लहान ट्रॅक्टर विकते आहे. उन्हाने टायर चिरले आहेत, म्हणून तो जुना झाला अशी तिची समजूत. घेणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते, की यंत्र फारच थोडे चालले आहे. त्याने गप्प बसावे काय? चार गावे फिरून त्याने बाजारभावाची माहिती मिळविली असेल, तर ती त्याच्या श्रमाची आहे. ती फुकट वाटण्यास तो बांधलेला नाही. परंतु तिच्या स्वतःच्या वस्तूविषयी ती चुकीच्या समजुतीत आहे, हे दिसत असताना त्या समजुतीवर सौदा उभारणे, म्हणजे अॅक्सलमधील पाण्याविषयी गप्प बसणाऱ्याच्या पंक्तीत जाऊन बसणेच होय. वस्तूचे ज्ञान वस्तूबरोबर असावे. ते कोणत्या बाजूला आहे याने फरक पडत नाही.

घेणाऱ्याचे आणखी एक कर्तव्य आहे, आणि ते गावोगाव विसरले जाते. पैसे दिले, ट्रॅक्टर आणला, साध्या कागदावर सही घेतली, आणि नोंदणीपुस्तकावरील नाव मात्र जुन्याच मालकाचे राहिले. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे हस्तांतराची नोंद करून घेण्यासाठी दोघांवरही मुदतीचे बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निर्णयात स्पष्ट केले, की वाहन विकले गेले असले तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार मालक समजला जाईल. म्हणजे ज्याने ट्रॅक्टर विकून त्या पैशात मुलीचे लग्न केले, त्याच्या दारात तीन वर्षांनी, त्याने पाहिलेल्याही नसलेल्या अपघाताची नोटीस येऊ शकते. विकणाऱ्याच्या मौनाने घेणारा बुडतो, तसा घेणाऱ्याच्या आळसाने विकणारा बुडतो. दोघांनी एकमेकांच्या हाती किती विश्वास ठेवलेला असतो, हे अशा वेळी कळते.

आपल्या समाजात अशा व्यवहाराला देवाचे अधिष्ठान देण्याची चाल आहे. गोव्या-कोकणातील अनेक देवळांत कौल लावून, घेऊ की नको, असे देवाला विचारतात. उजवा प्रसाद झाला म्हणजे मन निःशंक होते. गाडी आणली की प्रथम देवळासमोर उभी राहते, हार पडतो, नारळ फुटतो. खंडेनवमीला नांगर, कोयता आणि ट्रॅक्टर एकाच पंक्तीत पूजेला बसतात. या चालींची टवाळी करण्याचे मला कारण दिसत नाही. ज्याच्यावर पोट चालते त्याला नमस्कार करणे ही कृतज्ञता आहे. मात्र एक गोष्ट सुचवावीशी वाटते. भविष्याचा प्रश्न देवाला विचारावा. भूतकाळाचा प्रश्न विकणाऱ्याला विचारावा. तो ट्रॅक्टर लाभेल की नाही हे देव जाणे. त्याचे इंजिन पूर्वी फुटले होते की नाही हे मालक जाणतो. ज्याचे उत्तर समोरचा मनुष्य देऊ शकतो, तो प्रश्न देवावर टाकणे ही श्रद्धा नव्हे, संकोच आहे. आणि ज्याने वर्षानुवर्षे खंडेनवमीला त्या यंत्राला गंध लावले, त्याने ते विकताना त्याच्याविषयी मौन पाळावे, हे त्या पूजेशी विसंगत आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार आणि जाजली यांची कथा आहे. जाजलीने इतकी कठोर तपश्चर्या केली, की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे केले. आपल्यासारखा धर्मज्ञ कोणी नाही असे त्याला वाटू लागले. तेव्हा त्याला सांगण्यात आले, की वाराणसीतील तुलाधार वाण्याची सर तुला नाही. जाजली तेथे गेला तर तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. त्याने आपला धर्म सांगितला तो एवढाच, की आपला तराजू सर्वांना सारखा आहे. व्यासांनी धर्माचे रहस्य अरण्यातील तपस्व्याला शिकविण्यासाठी बाजारातील वाण्याची निवड केली, याचा अर्थ आपण पुरेसा घेतलेला नाही. सर्वांना सारखा तराजू म्हणजे मुलीला एक आणि परक्याला एक, असे दोन तराजू नसणे. करार कायद्यातील घोड्याचे कोडे तुलाधाराच्या दुकानात उद्भवलेच नसते.

हे आचरणात आणावयाचे तर त्यासाठी तुलाधार होण्याची आवश्यकता नाही. विक्रीचा कागद करताना त्यात किंमत आणि तारीख यांच्याबरोबर एक परिच्छेद ठेवावा : या ट्रॅक्टरमध्ये मला ठाऊक असलेले दोष आणि मी केलेल्या मोठ्या दुरुस्त्या पुढीलप्रमाणे. चार ओळी पुरतात. घेणाऱ्याने दोन माणसांसमक्ष त्याविषयी स्पष्ट प्रश्न विचारावा. अविश्वास म्हणून नव्हे, समोरच्याला खरे बोलणे सोपे व्हावे म्हणून. पुष्कळ माणसे खोटे बोलत नाहीत. कोणी विचारले नाही म्हणून ती खरे बोलावयाची राहून जातात. कागदावर दोष लिहून दिल्याने किंमत दहा-वीस हजारांनी उतरेल, हे खरे. पण ती उतरलेली रक्कम विकणाऱ्याची कधीच नव्हती. ती त्या दोषाची होती, आणि दोषाबरोबर तिने जावे हेच योग्य.

शहरातील बाजारात विकणारा आणि घेणारा सौद्यानंतर एकमेकांना दिसतही नाहीत. आपल्या गावांत तसे होत नाही. तो लहान ट्रॅक्टर उद्या ज्या पाणंदीने जाणार, तिच्याच कडेला जुन्या मालकाचे शेत आहे. यात्रेत दोघे एकाच पालखीला खांदा देणार आहेत, एकाच पंगतीत बसणार आहेत. आषाढात चिखलणी चालू असताना यंत्र बंद पडले, तर नवा मालक बांधावरून हाक मारील ती कदाचित त्यालाच. त्या हाकेला ‘हे मी तुला आधीच सांगितले होते, चल, मी पाहतो’ असे उत्तर देता यावे, एवढ्यासाठी तरी दोष आधी सांगितलेला असावा.